चला जलदुर्गांच्या गावाला

बालमित्रांनो, चौथीला शिकवताना दरवर्षी एक दिवस असा येतो, की सगळा वर्ग चिडीचूप होतो. शिवछत्रपतींच्या पुस्तकातला शेवटचा भाग वाचून झालेला असतो. महाराज गेले, हे माहीत असूनही मुलांना ते पटत नाही. गेल्या वर्षी त्या शांततेत मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, महाराजांचे किल्ले अजून आहेत ना?"

"आहेत की."

"मग आरमार कुठं गेलं?"

मी काय उत्तर दिलं असेल? "ते तुम्ही वरच्या वर्गात शिकाल." अडचणीत सापडलेल्या शिक्षकांना हे वाक्य फार उपयोगी पडतं बरं का! पण घरी जाताना माझं मलाच खटकलं. गडांवर आपण जातो, दगडी पायऱ्या चढतो. पण ती गलबतं, त्या गुराबा, त्यांच्यावरच्या तोफा, यांचं काय झालं? शेवटी ठरवलं, या वेळची सहल समुद्रावरच न्यायची. घाटावरची आमची मुलं. निम्म्यांनी समुद्र फक्त चित्रातच पाहिलेला. एक एस.टी., बेचाळीस मुलं, आम्ही चार शिक्षक आणि दशम्या-चटणीच्या तीन पिशव्या. निघालो.

पहिला मुक्काम हर्णै. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं हे बंदर. संध्याकाळी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. होड्या खोल पाण्यात उभ्या, मासळी किनाऱ्यावर येतेय, टोपल्या उतरताहेत, आणि बायका अशा भराभरा भाव बोलताहेत, की आमच्या गणितातल्या हुशार मुलांचीही हबेलंडी उडाली. मुलं लिलावात दंग, आणि समोर पाण्यात काळाकभिन्न सुवर्णदुर्ग. नाव सोन्याचं, पण दगड काळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं किल्ल्यावर गेलो. तिथं धक्का वगैरे नाही. होडी वाळूपर्यंत जाते आणि मग उड्या मारायच्या. (चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत. एका शिक्षकांचं पाकीट भिजलं. कोणाचं ते सांगत नाही.) दरवाजा असा बेतानं आडोशाला बांधलाय, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उंबऱ्याशी दगडात कोरलेलं कासव आहे आणि भिंतीवर मारुती. आत आता वस्ती नाही. झुडपं, पाण्याची टाकी, पडकी जोती आणि भोवती मात्र अजून भक्कम उभा असलेला तट. तटावर उभं राहिलं की समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे आणखी तीन किल्ले दिसतात. मोठ्या भावाच्या रक्षणाला तीन धाकटे भाऊ उभे असावेत तसे.

कान्होजी आंग्रे तरुणपणी याच किल्ल्यावर होते. पुढे ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले. त्यांचा नियम सरळ होता. या पाण्यातून जायचं असेल तर आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज पकडू. इंग्रजांना हे सहन झालं नाही. त्यांनी आपल्या पुस्तकांत कान्होजींना 'चाचा', म्हणजे समुद्रावरचा लुटारू म्हणून टाकलं. आता तुम्हीच सांगा, आपल्या अंगणातून जाणाऱ्याला "कोण रे तू?" असं विचारलं तर तो गुन्हा झाला का? आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आय.एन.एस. आंग्रे' असं नाव आहे. एवढं पुरे.

कान्होजी १७२९ साली वारले आणि त्यांच्या मुलांमध्ये वाटण्यांवरून भांडणं लागली. ती मिटवायला पेशवे मध्ये पडले आणि आंग्र्यांच्या घराचे दोन भाग झाले. कुलाबा एकाकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग दुसऱ्याकडे. या दुसऱ्या भागाचा मालक पुढे तुळाजी आंग्रे झाला. शूर होता, दर्यावर त्याचा दरारा होता. पण तो पेशव्यांना जुमानेना. शेजाऱ्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होऊ लागला. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणायचं ठरवलं. पण आंग्र्यांशी समुद्रावर लढायचं तर तेवढं आरमार हवं. ते कुणाकडे होतं? मुंबईच्या इंग्रजांकडे.

इथं मी थांबले. कारण मुलांचे चेहरे बदलले होते.

"म्हणजे पेशव्यांनी इंग्रजांना बोलावलं? आपल्याच आरमारावर?"

होय. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स नावाचा इंग्रज अधिकारी जहाजं घेऊन आला. जमिनीवरून पेशव्यांची फौज, पाण्यातून जेम्सच्या तोफा. एका गोळ्यानं किल्ल्यातल्या शाकारलेल्या घराला आग लागली, दारूकोठार उडालं, आणि थोड्याच दिवसांत सुवर्णदुर्ग आणि समोरचे तिन्ही किल्ले पडले. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळाला.

या जेम्सची एक गंमत सांगते. तो विलायतेला परत गेला, श्रीमंत झाला, १७८३ साली वारला. त्याच्या बायकोनं त्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ साली एक तिकोनी बुरूज बांधला. तो आजही उभा आहे. त्याचं नाव काय असेल? 'सेव्हर्नड्रूग कॅसल'! दोनतीनदा भरभर म्हणून बघा. सुवर्णदुर्गच आहे तो, फक्त इंग्रजांच्या जिभेवर वळवलेला. आमच्या मुलांनी परतीच्या होडीत "सेव्हर्नड्रूग, सेव्हर्नड्रूग" असा घोष लावला, तेव्हा तांडेलमामांना वाटलं आम्ही कुणाला तरी शिव्या देतोय.

हर्णैहून विजयदुर्ग लांब आहे. अख्खा दिवस एस.टी.त गेला. घाट, खाड्या, पूल, आमराया, जांभ्या दगडाची घरं, मध्येच एखाद्या वळणावर निळाशार समुद्र, की लगेच खिडक्यांकडे झुंबड. रात्री एका शाळेच्या वर्गात पथाऱ्या टाकल्या. गरम भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी. सोलकढीचा गुलाबी रंग बघून काहींना ते सरबत वाटलं, आणि घोट घेतल्यावरचे चेहरे बघण्यासारखे होते!

आता विजयदुर्ग. मित्रांनो, मी बरेच किल्ले पाहिलेत, पण याच्यासमोर उभं राहिल्यावर मान आपोआप मागे जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी तो बसलाय. तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमिनीची चिंचोळी पट्टी. शिलाहार राजा भोजानं सुमारे आठशे वर्षांपूर्वी बांधलेला हा किल्ला महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि तो वाढवून एकात एक तीन तट केले. बाहेरचा तट चढून शत्रू आत आला, की दुसरा तट पुढे उभा! जुनं नाव घेरिया. इंग्रजांच्या कागदांत तेच नाव येतं.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर समुद्राच्या पोटात एक भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली उतरून ती तपासली. सुमारे १२२ मीटर लांब आहे ती. शत्रूच्या जहाजांचा तळ त्या भिंतीवर आपटून फुटायचा, अशा कथा गावात ऐकायला मिळतात. पाण्याखालची भिंत! वरून दिसत नाही आणि खालून पोट फाडते.

इंग्रजांनी हा किल्ला घ्यायचा प्रयत्न आधीही केला होता. १७२० साली तर त्यांनी 'फ्राम' नावाचा एक तरंगता बुरूजच आणला. जाडजूड फळ्यांचा, गोळा लागला तरी फुटू नये असा. पण त्याच्या तोफांची तोंडं पुरेशी वर होईनात, गोळे पुढच्या पाण्यातच बुडुक! ही गोष्ट ऐकून पोरं पोट धरधरून हसली.

मग हसणाऱ्यांपैकीच एकीनं विचारलं, "बाई, मग शेवटी पडला कसा?"

खाडीच्या बाजूच्या तटावर आम्ही बसलो होतो. खाली पाणी संथ, होड्या येत-जात होत्या. मी बोट करून दाखवलं. तिथं. त्या पाण्यात.

डिसेंबर १७५५ मध्ये तोच जेम्स पुन्हा आला, पण या वेळी लढायला नव्हे. दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचं आणि तळाशी टेकलं की दोरी किती वाव गेली ते मोजायचं. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. असं करत त्यानं इथलं पाणी मोजून नेलं. मोठी जहाजं कुठून, किती जवळ येऊ शकतात, हे त्यांना कळलं. (मुलांनो, भूगोलाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन मोठमोठी लढाऊ जहाजं घेऊन आला. 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॅलिसबरी' ही त्यांतली काही नावं. एकेका जहाजावर पन्नास-साठ तोफा. बरोबर गोरे सैनिक आणि हिंदी शिपाई, त्यांचा प्रमुख कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज. तुळाजी स्वतः किल्ल्यात नव्हताच. तो बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता आणि किल्ला एका नातेवाइकाच्या हाती होता.

१२ फेब्रुवारीच्या दुपारी इंग्रजांची जहाजं खाडीच्या तोंडातून आत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. तेव्हा आंग्र्यांचं सगळं आरमार कुठं होतं? तटाखाली, किल्ल्याच्या आश्रयाला, जवळजवळ नांगरून, एकमेकांना बांधून ठेवलेलं. इंग्रजांचा एक तोफगोळा त्यातल्या एका जहाजावर पडला. त्या जहाजाचं नाव 'रेस्टोरेशन'. आंग्र्यांनी ते इंग्रजांकडूनच पूर्वी पकडून आणलं होतं! ते पेटलं आणि शेजारचं पेटलं. मग त्याच्या शेजारचं.

पुढे काय झालं ते सांगण्याऐवजी मी दहा मुलांना उभं केलं. खेळ साधा होता. दहा मुलं म्हणजे दहा गलबतं, हातात हात घालून एका रांगेत उभी. पहिल्याला मी 'आग' म्हटलं की त्यानं खाली बसायचं आणि बसताना शेजाऱ्याला ओढायचं. मी 'आग' म्हटलं. आम्ही वीसपर्यंत मोजायच्या आत सगळी रांग खाली! मग पुन्हा उभी केली, या वेळी हात सोडून, पसरून. 'आग' म्हटल्यावर एकच बसला. बाकीचे नऊ जण एकमेकांकडे बघत उभे.

कुणी काही बोललं नाही. मग ज्यानं वर्गात तो प्रश्न विचारला होता, तो मुलगा तटाच्या कडेशी गेला (मी लगेच मागे ओढला, काळजी नसावी) आणि खालच्या पाण्याकडे बघत राहिला. "म्हणजे इथं गेलं," एवढंच म्हणाला.

हो. इथं गेलं. सगळं नव्हे, पण जे सर्वांत बलवान होतं ते एका दुपारीत जळून गेलं.

किल्ला दुसऱ्या दिवशी पडला. पण त्याआधीच्या रात्री क्लाइव्हनं काय केलं बघा. आपले सैनिक किनाऱ्यावर उतरवले आणि ते किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये नेऊन उभे केले. का? मित्र आधी आत शिरू नयेत म्हणून! आत मिळालेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचं ठरलं होतं, तोही लगेच सोडला नाही. बाणकोट पदरात पडल्यावर सोडला. तुळाजीची उरलेली सगळी वर्षं कैदेत गेली.

मग मुलांची जुंपली. एक गट म्हणाला, चूक तुळाजीची. सगळ्यांशी वाकडं घेतलं तर कोण मदतीला येणार? दुसरा गट म्हणाला, चूक पेशव्यांची. घरातल्याला शिक्षा करायला बाहेरचा कशाला? एक मुलगी म्हणाली, "दोघांनाही आपण चूक करतोय असं वाटलंच नसेल." मी कुणालाही थांबवलं नाही. मला विचाराल तर मला पेशव्यांचा राग येतो. पण हेही खरं, की १७५६ साली पुण्यात बसून पुढचं काही दिसत नव्हतं. पुण्याच्या नजरेत इंग्रज तेव्हा मुंबई बेटावरचे व्यापारी होते. पाठोपाठच्या वर्षी, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली. तिथं जिंकणारा कोण? हाच क्लाइव्ह. आणि त्याआधी मार्चमध्ये बंगालमधलं चंदननगर ज्यांनी घेतलं, त्या जहाजांत 'केंट', 'टायगर' आणि 'सॅलिसबरी' होती. विजयदुर्गच्या खाडीत आलेली तीच.

एक मात्र सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही फारच हिरमुसाल. विजयदुर्गला पुन्हा आरमार उभं राहिलं. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' नावाचं जहाज लढून पकडलं. धुळपांचा वाडा आजही विजयदुर्ग गावात आहे. किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला तो १८१८ साली.

किल्ल्यावर तुम्हाला 'साहेबाचे कट्टे'ही दाखवतील. सर नॉर्मन लॉकियर हे शास्त्रज्ञ २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला विजयदुर्गला आले होते. हेलियमचा शोध इथंच लागला असं गावात अभिमानानं सांगतात. पण हेलियमची ती पिवळी रेघ त्याच्या तीस वर्षं आधी, १८६८ साली, शास्त्रज्ञांनी पाहिली होती. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. अभिमान ठेवा, फक्त सालं नीट लक्षात ठेवा.

शेवटचा दिवस मालवणचा. विजयदुर्गच्या त्या दुपारीनंतर मुलांना सिंधुदुर्ग दाखवायचाच असं मी ठरवलं होतं, कारण गोष्ट जिथं सुरू झाली ती ही जागा. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नावाचा खडक आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला तिथं पूजा करून महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. तीन वर्षं काम चाललं. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं. तट वेडावाकडा, नागमोडी ठेवला, म्हणजे कुठूनही शत्रू आला तरी कुठल्यातरी बुरुजावरून दिसणारच. खाऱ्या पाण्यातल्या या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. नावं ऐका: दूधबाव, दहीबाव, साखरबाव! आमच्या मुलांनी तिन्ही ठिकाणी चव घेऊन बघितली. दुधाची चव कुठंच लागली नाही, पण पाणी गोडच.

छत्रपती राजाराम महाराजांनी बांधवलेलं श्रीशिवराजेश्वराचं मंदिर इथंच आहे. तटावर एका छोट्या घुमटीत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आणि दुसऱ्या घुमटीत पायाचा ठसा आहे. हाताच्या ठशापुढे मुलांची रांग लागली. प्रत्येक जण आत बघायचा आणि मग गुपचूप स्वतःचा पंजा उघडून बघायचा. मीही बघितला.

आता आईबाबांसाठी दोन ओळी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आम्ही पाहिलेले तिन्ही जलदुर्ग त्यात आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. होडीत बसताना मुलांना जीवरक्षक जाकीट घालायला लावाच, "काही होत नाही हो" असं कुणी म्हटलं तरी. सुवर्णदुर्गावर प्यायचं पाणी बरोबर न्या आणि भरती-ओहोटीची वेळ कोळीमामांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जमलं तर त्या मोरयाच्या धोंड्यापाशीही थांबा, घाईघाईत तो राहून जातो.

परत येताना आम्ही होडीत एक पैज लावली. सिंधुदुर्गाचा दरवाजाही तसाच, तटात लपवलेला. होडी सुटल्यावर तो कोणाला सर्वांत शेवटपर्यंत दिसतो? बेचाळीस माना मागे वळल्या. एकेक जण "गेला… गेला…" म्हणू लागला. आमचा तो प्रश्नवाला मात्र "दिसतोय, दिसतोय" म्हणत होता. मालवणचा धक्का आला, दोर बांधला, सगळे उतरले, तरी पठ्ठ्या म्हणत होता, "अजून दिसतोय, बाई."